वकिलाच्या फायली आणि अशिलाचं गुपित : मायकल कोहेन प्रकरणाचा खुलासा

पुण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : अमेरिकेत एफबीआय थेट राष्ट्राध्यक्षांच्या खासगी वकिलाच्या ऑफिसात शिरून फायली उचलू शकते, तर मग वकील आणि अशील यांच्यातल्या गोपनीयतेला अर्थ काय उरला? डोनाल्ड ट्रम्प यांचा हा वकील मायकल कोहेन नेमका कशात अडकला, आणि सगळं कबूल करूनही तुरुंगात का गेला? त्याला पुन्हा वकिली करता येईल का? आणि आपल्याकडे असं होऊ शकतं का?

मी न्यूयॉर्कमध्ये बरीच वर्षं आर्थिक गुन्ह्यांच्या खटल्यांत बचावाच्या बाजूने काम करतो. हे प्रकरण इथल्या प्रत्येक फौजदारी वकिलाने ओळ न् ओळ वाचलं आहे, कारण त्यात आपल्या धंद्याचीच परीक्षा होती. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. कायद्याचं संरक्षण असतं ते कायदेशीर सल्ल्याच्या देवाणघेवाणीला. कोहेन ट्रम्प यांच्यासाठी जे करत होता त्यात असा सल्ला फार थोडा होता. पैसे पोचवणं, लोकांना गप्प करणं, बातमी दाबणं ही कामं सनद असलेल्या माणसाने केली म्हणून वकिली ठरत नाहीत. बाकी सगळं प्रकरण यातूनच उलगडत जातं.

आधी छाप्याचं बघू. ९ एप्रिल २०१८ च्या सकाळी एफबीआयने कोहेनचं रॉकफेलर सेंटरमधलं ऑफिस, घर, पार्क ॲव्हेन्यूवरच्या हॉटेलातली त्याच्या कुटुंबाची खोली आणि बँकेचं लॉकर एकाच वेळी तपासलं. बाहेरच्या जगाला हे अचानक घडल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात २०१६ च्या निवडणुकीतल्या रशियाच्या हस्तक्षेपाचा तपास करणारे विशेष अभियोक्ता रॉबर्ट म्युलर यांच्या पथकाने जुलै २०१७ पासूनच न्यायालयाच्या वॉरंटवर त्याचे ईमेल मिळवायला सुरुवात केली होती. पुढे रशियाशी संबंध नसलेला भाग म्युलर यांनी न्यूयॉर्कच्या संघीय अभियोक्ता कार्यालयाकडे सोपवला. या कार्यालयाला आम्ही इथे नुसतं ‘सदर्न डिस्ट्रिक्ट’ म्हणतो. तिथले प्रमुख जेफ्री बर्मन यांनी स्वतःला या प्रकरणातून बाजूला ठेवलं आणि सूत्रं त्यांचे उपप्रमुख रॉबर्ट खुझामी यांच्याकडे गेली. वरून मंजुरी देणाऱ्यांत न्याय खात्यातले तेव्हाचे क्रमांक दोन रॉड रोझेनस्टाइन होते, आणि त्यांची नेमणूक खुद्द ट्रम्प यांनीच केलेली होती.

वकिलाची झडती ही अमेरिकेत साधी गोष्ट नाही. न्याय खात्याच्या नियमावलीत त्यासाठी वेगळं प्रकरण आहे. समन्स पाठवून कागद मिळणार असतील तर झडती घ्यायची नाही. वरिष्ठांची लेखी मंजुरी हवी, वॉशिंग्टनमधल्या फौजदारी विभागाशी सल्लामसलत हवी, आणि झडतीत हाती आलेले गोपनीय कागद तपास अधिकाऱ्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून स्वतंत्र पथक हवं. त्यानंतर न्यायाधीशांना पटवायचं की गुन्हा घडल्याची आणि त्याचा पुरावा या जागी असल्याची सबळ शक्यता आहे. म्हणजे त्या सकाळी दारावर थाप पडण्याआधी किती सह्या झाल्या असतील याचा विचार करा. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक तरुण सहकाऱ्याला मी हे सांगतो : वकिलाच्या दारात वॉरंट आलं म्हणजे तपास सुरू झाला असं समजू नका, तो बराच पुढे गेलेला असतो.

दुसऱ्याच दिवशी ट्रम्प यांनी ट्विट करून वकील-अशील गोपनीयता मेली असल्याचं जाहीर केलं. खरं तर पुढच्या चार महिन्यांत ती किती जिवंत आहे हेच दिसलं.

कोहेन न्यायालयात गेला. न्यायाधीश किंबा वुड यांच्यापुढे त्याचं म्हणणं होतं की जप्त केलेला माल आधी आपल्याला बघू द्यावा. ट्रम्प यांनीही वकील पाठवून तेच मागितलं, आणि तो त्यांचा हक्कच होता. गोपनीयतेचा अधिकार अशिलाच्या मालकीचा असतो. वकील तो राखतो, पण सोडायचा की नाही हे अशील ठरवतो. सरकारचं उत्तर सडेतोड होतं : या माणसाला अशील आहेत तरी किती? न्यायाधीशांनी यादी मागितली. १६ एप्रिलला भर न्यायालयात ती सांगावी लागली. ट्रम्प, एक राजकीय देणगीदार आणि तिसरं नाव फॉक्स न्यूजचे शॉन हॅनिटी. हॅनिटी यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं की कोहेन आपला कधी रीतसर वकील नव्हता, काही प्रश्नांवर बोलणं झालं होतं इतकंच. ज्याच्या ऑफिसात हजारो गोपनीय कागद असल्याचा दावा होता, त्याचे मोजून तीन अशील निघाले आणि त्यातला एक नाही म्हणाला.

वुड यांनी तोल साधला. सरकारचं पथकही नको आणि कोहेनही नको, म्हणून बार्बरा जोन्स या निवृत्त संघीय न्यायाधीशांना ‘स्पेशल मास्टर’ नेमलं. त्यांनी सगळे कागद, फोन, संगणक चाळून गोपनीय काय ते वेगळं काढायचं. लाखो फायलींचा ढीग होता. ऑगस्टपर्यंत काम संपलं तेव्हा गोपनीय ठरल्या त्या केवळ काही हजार. तेवढ्या मात्र काटेकोरपणे बाजूला काढल्या गेल्या, आणि त्या सरकारला मिळाल्या नाहीत. यंत्रणेने तिचं काम केलं असं मी मानतो. याच जोन्स यांना पुढे २०२१ मध्ये रुडी जुलियानी यांच्या झडतीतही हेच काम दिलं गेलं. तेही ट्रम्प यांचे खासगी वकील. त्या तपासात जुलियानींवर आरोपपत्र दाखल झालंच नाही. म्हणजे झडती झाली की वकील दोषी, असं समीकरण मांडता येत नाही. (जुलियानींची न्यूयॉर्कची सनद २०२४ मध्ये गेली ती वेगळ्या कारणाने, २०२० च्या निवडणुकीबद्दल केलेल्या खोट्या विधानांमुळे.)

जप्त मालात काही ध्वनिफिती होत्या. त्यातल्या एकीत सप्टेंबर २०१६ मधलं ट्रम्प आणि कोहेन यांचं संभाषण होतं, ट्रम्प यांच्याशी प्रेमसंबंध होते असं सांगणाऱ्या कॅरेन मॅकडूगल या मॉडेलच्या कहाणीचे हक्क विकत घेण्याबद्दल. कोहेनने अशिलाला न सांगता ते टेप केलं होतं. न्यूयॉर्कमध्ये संभाषणातल्या एकाची संमती असली तरी असं ध्वनिमुद्रण फौजदारी गुन्हा होत नाही. पण स्वतःच्या अशिलाचं बोलणं चोरून टेप करणाऱ्या वकिलाबद्दल मला कधीच आदर वाटला नाही, आणि सरकारी बाजूनेही त्याचं समर्थन कुणी मनापासून केलेलं मी ऐकलं नाही. त्या फितीवरचा गोपनीयतेचा दावा ट्रम्प यांच्या बाजूने स्वतःच सोडून दिला, म्हणून ती बाहेर आली.

आता गुन्हे. २१ ऑगस्ट २०१८ ला कोहेनने न्यायाधीश विल्यम पॉली यांच्यापुढे आठ आरोप कबूल केले. त्यातले पाच प्राप्तिकराचे : २०१२ ते २०१६ या वर्षांत ४० लाख डॉलरहून जास्त उत्पन्न दडवलं. सहावा बँकेला खोटी माहिती दिल्याचा : टॅक्सी परवान्यांच्या व्यवसायातलं मोठं कर्ज लपवून घरावर कर्जाची मर्यादा मंजूर करून घेतली. या सहा आरोपांचा ट्रम्प यांच्याशी काहीही संबंध नाही, आणि हे लोक विसरतात. तपासाचा रोख अशिलावर असला तरी वकिलाचे स्वतःचे हिशेब कच्चे असतील तर आधी तोच बुडतो. सदर्न डिस्ट्रिक्टला साक्षीदारावर पकड मिळाली ती याच सहा आरोपांमुळे.

उरलेले दोन निवडणूक निधीचे. मॅकडूगल यांना एका प्रकाशन कंपनीमार्फत १,५०,००० डॉलर मिळाले, कहाणी विकत घेऊन पुरून टाकण्यासाठी. कंपनीने उमेदवाराशी संगनमत करून त्याच्या फायद्यासाठी पैसा खर्चणं बेकायदा. आणि ट्रम्प यांच्याशी शरीरसंबंध आल्याचं सांगणाऱ्या पॉर्न अभिनेत्री स्टॉर्मी डॅनियल्स यांना, त्यांनी गप्प राहावं म्हणून, कोहेनने ऑक्टोबर २०१६ मध्ये, मतदानाला दोन आठवडेही उरले नसताना, १,३०,००० डॉलर दिले. पैसे आले कुठून? त्याच घरावरच्या कर्जातून. ते गेले डेलावेअरमध्ये नुकत्याच काढलेल्या एका कंपनीच्या खात्यातून. २०१६ मध्ये एका व्यक्तीला एका निवडणुकीसाठी उमेदवाराला देता येणारी कमाल रक्कम होती २,७०० डॉलर. सरकारचा युक्तिवाद असा की हा खर्च निवडणुकीवर परिणाम व्हावा म्हणून केला, म्हणजे ती देणगीच. कोहेनने कबुलीत सांगितलं की हे आपण संघीय पदाच्या एका उमेदवाराच्या सांगण्यावरून केलं. नाव घेतलं नाही, पण न्यायालयात बसलेल्या प्रत्येकाला ते कळलं.

सगळ्या प्रकरणात वकिलाने सर्वांत बारकाईने वाचावा असा भाग पुढे आहे. हे पैसे कोहेनला परत कसे मिळाले? १,३०,००० मध्ये एका संगणक कंपनीच्या नावाने आणखी ५०,००० मिळवले. ते उत्पन्न म्हणून दाखवायचं तर त्यावर कर बसणार, म्हणून रक्कम दुप्पट केली : ३,६०,०००. वर ६०,००० बोनस. एकूण ४,२०,०००. त्याचे बारा हप्ते, दरमहा ३५,०००. आणि २०१७ भर ट्रम्प यांच्या कंपनीच्या वह्यांत नोंद होत राहिली ती वकिलाच्या फीची. कोहेन दर वेळी बिल पाठवायचा, ठरलेल्या वकिली करारानुसार अमुक महिन्याची फी. असा करार कधी झालाच नव्हता. ही बिलं, वह्यांतल्या नोंदी आणि धनादेश मिळून ३४ कागद झाले. त्यावरच मॅनहॅटनच्या जिल्हा अभियोक्त्याने २०२३ मध्ये ट्रम्प यांच्यावर ३४ आरोप ठेवले आणि ३० मे २०२४ ला ज्युरीने ते सर्व सिद्ध मानले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायाधीश हुआन मर्चन यांनी कोणतीही शिक्षा न देता प्रकरण बंद केलं. दोषसिद्धी मात्र नोंदीवर राहिली, आणि ट्रम्प यांनी तिच्याविरुद्ध अपील केलं.

आपल्या धंद्याच्या दृष्टीने मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. गोपनीयतेच्या आडोशाला काहीतरी दडवलं गेलं, ही गोष्ट जुनी आहे. इथे ‘वकिलाची फी’ हेच शब्द खोट्या नोंदीचं हत्यार झाले. तुम्ही पाठवलेलं प्रत्येक बिल हे तुम्ही केलेलं विधान असतं. न केलेल्या कामाचं बिल अशिलाच्या सोयीसाठी पाठवलंत, तर त्या क्षणी तुम्ही वकील राहत नाही, साथीदार होता.

गोपनीयतेला कायद्याने एक अपवाद पहिल्यापासून ठेवला आहे : गुन्हा किंवा फसवणूक करण्यासाठी, ती लपवण्यासाठी सल्ला घेतला असेल तर संरक्षण नाही. यात वकील निर्दोष असला तरी फरक पडत नाही, अशिलाचा हेतू पुरेसा आहे. फ्लोरिडातल्या गोपनीय सरकारी कागदपत्रांच्या तपासात मार्च २०२३ मध्ये हेच झालं. ट्रम्प यांचे वकील इव्हान कॉर्कोरन यांना न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) बोलायला आणि टिपणं द्यायला लावलं. कॉर्कोरन यांच्यावर कसलाही आरोप नव्हता. त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलेली टिपणंच पुरावा झाली. हा प्रसंग मला कोहेनपेक्षाही जास्त अस्वस्थ करतो, कारण कॉर्कोरन यांच्या जागी कुणीही सरळ वकील असू शकतो.

कबुली देऊनही तुरुंग का? इथे भारतातल्या वाचकाला माफीच्या साक्षीदाराची सवय असते : खरं सांगितलं की सुटका. सदर्न डिस्ट्रिक्टची रीत कडक आहे. त्यांच्याशी सहकार्याचा करार करायचा तर आयुष्यात केलेला प्रत्येक गुन्हा सांगावा लागतो, विचारलेला आणि न विचारलेलाही, स्वतःचा आणि इतरांचा. अर्धं सहकार्य तिथे चालत नाही. कोहेनने म्युलर यांना बरंच सांगितलं आणि म्युलर यांनी त्याची लेखी दखलही घेतली. सदर्न डिस्ट्रिक्टशी मात्र त्याने तसा करार केला नाही. परिणामी त्यांनी शिक्षेआधी दिलेलं निवेदन अतिशय कठोर होतं. मार्गदर्शक तक्त्यानुसार शिक्षा ५१ ते ६३ महिने येत होती आणि त्यांनी थोडीच सूट सुचवली. दरम्यान नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याने काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, खोटं बोलल्याचंही कबूल केलं होतं : मॉस्कोत ट्रम्प टॉवर उभारण्याच्या वाटाघाटी जानेवारी २०१६ मध्ये थांबल्या असं त्याने सांगितलं होतं, त्या खरं तर जूनपर्यंत चालू होत्या. १२ डिसेंबरला शिक्षा झाली ३६ महिन्यांची, शिवाय सुमारे १४ लाख डॉलरची भरपाई आणि ५ लाखांची जप्ती.

माझ्या मते त्याच्या सल्लागारांचा डाव इथे फसला. अर्धा हात सरकारच्या हातात आणि अर्धा स्वतःच्या खिशात, अशा अवस्थेत शिक्षेला सामोरं जाणं म्हणजे दोन्हीकडचा तोटा. छाप्यानंतरचे काही आठवडे त्याची वकील-फी ट्रम्प यांच्या कंपनीकडून भरली जात होती, आणि एका मध्यस्थ वकिलाने त्याला ईमेलमध्ये वरच्या जागी मित्र असल्याचा दिलासाही दिला होता. ज्याच्याविरुद्ध साक्ष देण्याची वेळ येऊ शकते त्याच्या पैशावर आपला वकील चालवू नये. फी थांबते तो दिवस फार वाईट जातो आणि तोवर मौल्यवान वेळ गेलेला असतो.

राष्ट्राध्यक्षांच्या खासगी वकिलाने तुरुंगात जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. निक्सन यांचे हर्बर्ट काल्मबाख वॉटरगेटच्या घरफोड्यांना द्यायचा पैसा गोळा करत होते. १९७४ मध्ये निवडणूक निधीच्या गुन्ह्यांची कबुली देऊन त्यांनी सहा महिने तुरुंगात काढले. त्यांची साक्ष मात्र सरकारने निःशंकपणे वापरली आणि काही वर्षांत त्यांना सनद परत मिळाली.

कोहेनच्या साक्षीचं तसं नाही. मे २०२४ च्या खटल्यात ट्रम्प यांचे वकील टॉड ब्लांच यांनी त्याची अनेक दिवस उलटतपासणी घेतली. (हेच ब्लांच २०२५ मध्ये अमेरिकेचे उपमहाधिवक्ता, म्हणजे न्याय खात्यातले क्रमांक दोन झाले.) संगणक कंपनीच्या नावाने घेतलेल्या पैशातले हजारो डॉलर आपण स्वतःच ठेवले, म्हणजे अशिलाच्या कंपनीकडून चोरी केली, हे त्याला कबूल करावं लागलं. तरीही दोषसिद्धी झाली, कारण मर्चन यांनी ज्युरीला सांगितलं होतं की कोहेन हा गुन्ह्यातला साथीदार आहे आणि त्याच्या एकट्याच्या शब्दावर कुणाला दोषी धरता येणार नाही. न्यूयॉर्कचा कायदाच तसा आहे. धनादेश, बिलं, कंपनीच्या हिशेबनिसांची हस्तलिखित आकडेमोड यांनी त्या शब्दाला आधार दिला. साथीदाराच्या साक्षीला पुष्टी हवी हे तत्त्व तुम्ही पुराव्याच्या कायद्यात शिकलाच आहात. इतकं शुद्ध उदाहरण पुन्हा मिळणं कठीण.

भारताचं थोडक्यात. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये (जुनं कलम १२६) वकिलावर गोपनीयतेचं बंधन आहे आणि तिथेही बेकायदा हेतूसाठी केलेलं संभाषण, तसंच वकीलपत्र घेतल्यानंतर घडलेला आणि काम करताना लक्षात आलेला गुन्हा किंवा फसवणूक, हे अपवाद आहेत. २०२५ मध्ये ईडीने ज्येष्ठ वकिलांना समन्स पाठवल्यावर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालानुसार, अशिलाची माहिती काढण्यासाठी वकिलाला समन्स पाठवता येत नाही. अपवादात बसत असेल तर त्याचा आधार समन्समध्ये लिहावा लागतो आणि किमान पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागते. वकिलाचा फोन किंवा लॅपटॉप हवा असेल तर तो न्यायालयापुढे हजर करायचा, आणि हरकतींचा निवाडा तिथे व्हायचा. स्पेशल मास्टरसारखी रुळलेली पद्धत अजून आपल्याकडे नाही. ती यावी असं मला मनापासून वाटतं, कारण हार्ड डिस्क एकदा तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर उघडली की नंतर दिलेल्या आदेशाने त्याने वाचलेलं पुसलं जात नाही.

शेवटचा प्रश्न सनदेचा. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये कोहेनची सनद रद्द केली. त्यासाठी चौकशीही लागली नाही. काँग्रेसपुढे खोटं बोलणं हा राज्याच्या कायद्यातल्या गंभीर गुन्ह्याशी जुळणारा अपराध, आणि तो सिद्ध झाला की सनद आपोआप जाते. सात वर्षांनी परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र त्याच्या वाटेत मार्च २०२४ चा एक आदेश उभा आहे. तुरुंगवासानंतरची देखरेख लवकर संपवावी असा अर्ज त्याने केला होता. त्यात त्याच्या वकिलाने दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते, कोहेनने ते गूगलच्या बार्ड या एआय चॅटबॉटवरून काढून पाठवले होते. न्यायाधीश जेसी फर्मन यांनी त्याबद्दल दंड केला नाही. त्यांनी बोट ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. २०१८ मध्ये कोहेनने शपथेवर सांगितलं होतं की आपण कर चुकवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्धच्या दिवाणी खटल्यात त्याने शपथेवरच सांगितलं की ती कबुली खरी नव्हती. फर्मन यांनी लिहिलं की दोन्हींपैकी एका वेळी तरी ही खोटी साक्ष ठरते, आणि अर्ज फेटाळला. शिक्षा पूर्ण भोगली असं कोहेन कोणत्याही समितीला सांगू शकतो आणि ते खरंही आहे. पण समिती पहिला प्रश्न विचारेल तो या दोन शपथांपैकी खरी कोणती हा. त्यावर त्याने काहीही उत्तर दिलं, तरी एक खोटी शपथ कबूल होतेच.